सूट कोणाला? : काल्पनिक राष्ट्रांतील सक्तीची सैन्यसेवा

ब्रॉब्डिंगनॅगच्या राजधानीजवळील विस्तीर्ण मैदानात तेथील फौजेची कवायत पाहताना गलिव्हरला एक साधा प्रश्न पडतो. ह्या राज्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि किनाऱ्यावर एकही बंदर नाही. चौथ्या बाजूला तीस मैल उंचीचे, ज्वालामुखींमुळे ओलांडता न येणारे पर्वत आहेत. ज्या देशात बाहेरून कोणी येऊच शकत नाही, त्या देशाच्या राजाला फौज बाळगण्याची बुद्धी कशी झाली? १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या स्विफ्टच्या ह्या कथनात उत्तरही तेथेच मिळते. सरदारांना सत्ता हवी, प्रजेला स्वातंत्र्य हवे, राजाला अनिर्बंध अधिकार हवा; ह्या तिहेरी ओढाताणीतून त्या देशात वेळोवेळी यादवी माजली, आणि अखेरची यादवी मिटल्यावर सर्वांच्या संमतीने नागरिकसेना उभी राहिली. १,७६,००० पायदळ आणि ३२,००० घोडदळ. शिपाई म्हणजे शहरांतील व्यावसायिक आणि खेड्यांतील शेतकरी; अधिकारी म्हणजे बिनवेतनी सरदार आणि प्रतिष्ठित जमीनदार. ह्या फौजेची शिस्त उत्तम आहे, पण त्यात विशेष कौतुकाचे काही नाही, असेही गलिव्हर जाता जाता सांगतो. कारण तेथे प्रत्येक शेतकरी आपल्याच जमीनदाराच्या हुकमाखाली उभा असतो. मग शिस्त नसेल तरच नवल.

ह्या अखेरच्या वाक्याकडे समीक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखाचा आरंभ मात्र तेथूनच होतो. वास्तवातील राष्ट्राला शेजारी निवडता येत नाही. सक्तीच्या सैन्यभरतीचे समर्थन तेथे नेहमीच सीमेपलीकडे बोट दाखवून केले जाते. काल्पनिक राष्ट्राच्या निर्मात्याला मात्र ही सबब उपलब्ध नसते. समुद्र कोठे घालावा, पर्वत किती उंच करावा, शत्रू द्यावा की देऊ नये, हे सारे त्याच्या हाती असते. तरीही बहुतेक काल्पनिक राष्ट्रांत कवायतीचे मैदान असतेच. शत्रू लेखकाच्या मर्जीवर अवलंबून असताना सेवा मात्र सक्तीची राहते, ह्याचा अर्थ काय लावावयाचा? ह्या संहितांतील फौज बाहेर पाहत नसून आत पाहत असते, हे एक उत्तर झाले आणि फूको वाचलेल्या कोणालाही ते सुचेल. परंतु तेवढ्यावर थांबले तर सगळी काल्पनिक राष्ट्रे एकाच बराकीसारखी दिसू लागतात. त्यांच्यातील भेद दिसतो तो वेगळा प्रश्न विचारल्यावर : सेवा सर्वांना सक्तीची असे म्हणणाऱ्या ह्या राष्ट्रांत सूट कोणाला आहे?

येथे एक मर्यादा घालून घेणे आवश्यक आहे. जॉर्ज चेस्नी ह्याच्या १८७१ मधील ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’पासून विल्यम ल क्यूच्या १९०६ मधील ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’पर्यंत आक्रमणकथांची एक मोठी लाट इंग्लंडात येऊन गेली. चेस्नी १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेला लष्करी अभियंता होता. ल क्यूच्या पाठीशी उभे राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेले आणि हिंदुस्थानचे सरसेनापती राहिलेले. सक्तीच्या लष्करी शिक्षणाची निकड वाचकांच्या मनावर ठसविणे हा ल क्यूच्या कादंबरीचा उघड हेतू होता, आणि वुडहाउसने १९०९ मध्ये ‘द स्वूप’ लिहून ह्या साऱ्या प्रकाराची यथेच्छ टिंगलही केली. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती प्रत्यक्षात आली ती १९१६ साली. ह्या कथा महत्त्वाच्या खऱ्या, परंतु त्यांतील राष्ट्र खरे आहे, केवळ भविष्य कल्पित आहे. त्या बाजूला ठेवू.

आरंभ प्लेटोपासूनच करावा लागतो. मात्र ‘रिपब्लिक’पासून नव्हे. तेथे युद्ध हा एका वर्गाचा व्यवसाय आहे. नागरिकमात्राची सक्तीची सेवा येते ती वृद्धापकाळी लिहिलेल्या ‘लॉज’ ह्या संवादात, क्रीटमध्ये वसवावयाच्या मॅग्नेशिया नावाच्या कल्पित नगरराज्यात. तेथे ५,०४० कुटुंबे आहेत. महिन्यातून किमान एक दिवस संपूर्ण नगराने, थंडी-उन्हाची पर्वा न करता, स्त्रिया आणि मुले ह्यांच्यासह कवायतीसाठी बाहेर पडावयाचे आहे. पुरुषाची लष्करी सेवेची वयोमर्यादा वीस ते साठ; स्त्रीवर गरजेनुसार सोपवावयाची सेवा अपत्यजन्माचा काळ संपल्यानंतर पन्नाशीपर्यंत. ज्या अथेन्समध्ये प्लेटो वाढला तेथील स्त्रिया रणांगणाच्या आसपासही नव्हत्या. त्या पार्श्वभूमीवर ही तरतूद आजही चकित करते. पण मॅग्नेशियाच्या नागरिकाला महिन्याचा एक दिवस मोकळा मिळतो कसा? शेत गुलाम कसतात आणि व्यापार-कारागिरी परकीय रहिवासी करतात म्हणून. सक्तीच्या सेवेतून सुटलेली ही माणसे मुक्त नाहीत. त्यांच्या राबण्यावरच इतरांची सक्ती उभी आहे. सूट हा शब्द येथे पहिल्यांदाच आपला दुसरा चेहरा दाखवितो.

हा दुसरा चेहरा सर्वांत उघडा पडतो तो टॉमस मोरच्या ‘युटोपिया’त. १५१६ सालच्या ह्या ग्रंथाविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे : युटोपिया म्हणजे शांततेचे बेट. युटोपियाचे लोक युद्धाला पशुतुल्य मानतात, रणांगणावरील कीर्तीला कीर्ती मानीत नाहीत, हे खरेच. युटोपस राजाने मुख्य भूमीशी जोडणारी चिंचोळी पट्टी खणून काढली आणि आपल्या देशाचे बेट केले, हेही खरे. म्हणजे येथे समुद्र निसर्गाने दिलेला नसून राज्यसंस्थेने श्रमाने निर्माण केलेला आहे. पहिले संरक्षणकार्य म्हणून खंदक खोदूनच हे राष्ट्र जन्माला येते. पण दुसऱ्या भागातील युद्धविषयक प्रकरण बारकाईने वाचले तर तेथे सेवेची एक अत्यंत काटेकोर श्रेणी आढळते. ठरलेल्या दिवशी पुरुष आणि स्त्रिया दोघेही कवायत करतात. परंतु प्रत्यक्ष युद्धाची वेळ आल्यावर आधी पुढे पाठवावयाचे ते भाडोत्री सैनिक. मग ज्यांच्यासाठी युद्ध चालले आहे ते लोक. मग इतर मित्रराष्ट्रांचे सैनिक. आणि सर्वांत शेवटी स्वतःचे नागरिक. परदेशातील युद्धासाठी नागरिकावर सक्ती नाही, कारण भित्रा माणूस स्वतः लढत नाही आणि इतरांचेही मनोधैर्य खचवितो. मायदेशावर आक्रमण झाले तर मात्र हाच भित्रा, शरीराने धडधाकट असल्यास, शूरांच्या मध्ये जहाजावर चढविला जातो किंवा तटबंदीवर अशा जागी उभा केला जातो की पळून जाण्यास वाटच उरू नये.

‘भित्र्याचे काय करावयाचे?’ हा प्रश्न मोरला पडावा आणि त्याने त्याचे उत्तर भिंतीच्या भाषेत द्यावे, हे मला त्या ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक स्थळांपैकी एक वाटते. धैर्य शिकवून येत नसेल तर जागा अशी द्यावी की भ्यायल्यानेही काम भागेल. नागरी संरक्षणाच्या पुढील अनेक योजनांचे मर्म ह्यात आलेले आहे.

भाडोत्री सैनिकांचे काय? युटोपियाच्या पूर्वेस पाचशे मैलांवर झॅपोलेट नावाचे रानवट लोक राहतात, लढणे हाच त्यांचा धंदा. युटोपिया त्यांना भरपूर मोबदला कबूल करते आणि सर्वांत धोक्याच्या जागी ठेवते. त्यांतील किती मेले ह्याची खंत करण्याचे कारण नाही; उलट असले लोक जगातून नाहीसे झाले तर मानवजातीवर उपकारच होईल, असे तेथील लोकांना वाटते. घरात ज्या सोन्याची भांडी शौचासाठी वापरतात आणि ज्याच्या बेड्या गुलामांना घालतात, ते सोने झॅपोलेटांच्या मृत्यूची किंमत म्हणून बाहेर जाते. मोरचे अभ्यासक ह्या परिच्छेदात स्विस भाडोत्री सैनिकांवरील उपरोध वाचतात, आणि तो आहेही. पण उपरोध बाजूला ठेवला तरी रचना शिल्लक राहते. युटोपियाचा नागरिक युद्धापासून वाचतो, कारण त्याच्याऐवजी मरणारा माणूस संहितेने अगोदरच माणूसपणातून वगळलेला आहे. शांततेचे बेट अशा हिशेबावर तरंगते.

हॅरिंग्टनचा ‘ओशियाना’ (१६५६) वाचण्यास रूक्ष आहे आणि त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. अठरा ते तीस वर्षांचे तरुण चढाईसाठी, तिशीवरील नागरिक बंदोबस्तासाठी. वर्षाला शंभर पौंडांहून अधिक उत्पन्न असणारा घोडदळात, इतर पायदळात. नोकरचाकर फौजेत नाहीत, कारण दुसऱ्याच्या आश्रयावर जगणारा स्वतंत्र नसतो आणि जो स्वतंत्र नाही तो नागरिक नव्हे. मात्र एक तरतूद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निवड होऊनही सेवा नाकारणाऱ्या तरुणाने आपल्या संरक्षणाच्या मोबदल्यात उत्पन्नाचा पाचवा हिस्सा द्यावयाचा, आणि अधिकारपदाची आशा सोडावयाची. नकाराला येथे तुरुंग नाही. नकाराला दर आहे.

एडवर्ड बेलामीच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’मध्ये (१८८८) तो दर संपतो. १८८७ साली झोपी गेलेला ज्युलियन वेस्ट २००० सालच्या बॉस्टनमध्ये जागा होतो. तेथे युद्ध नाही, सैन्य नाही, आरमार नाही. तरीही एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत प्रत्येकजण सेनेत असतो; त्या सेनेचे नाव ‘औद्योगिक सेना’. पहिली तीन वर्षे पडेल ते काम. पंचेचाळिशीनंतर मुक्तता, पण पंचावन्नपर्यंत आणीबाणीत बोलावणे येऊ शकते. सक्तीच्या लष्करी सेवेचे तत्त्व श्रमाला लावले एवढेच आम्ही केले, असे वेस्टचे यजमान डॉक्टर लीट समजावून सांगतात. शत्रू पुरता नाहीसा करून केवळ भरती शिल्लक ठेवणारे हे बहुधा पहिले मोठे काल्पनिक राष्ट्र. येथे अपंगांनाही वगळलेले नाही, त्यांचे स्वतंत्र दल आहे. स्त्रियांचे दलही स्वतंत्र स्त्री-सेनापतीच्या अधिकाराखाली आहे. आणि धडधाकट असून सतत नकार देणाऱ्याला? तो होकार देईपर्यंत भाकरी-पाण्यावर एकान्तवास. विल्यम मॉरिसला हे पुस्तक रुचले नाही आणि १८९० मधील ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ हे त्याचे प्रत्युत्तर ठरले, ह्यात आश्चर्य नाही. श्रम हा आनंद मानणाऱ्याला हजेरीपट मानवणार कसा?

पदव्युत्तर वर्गात ह्या कादंबरीविषयी बोलत असताना काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्या बॉस्टनमध्ये आमच्यासारख्यांना भरती करून घेतलं असतं का?” मी सरधोपट उत्तर दिले : सर्वांनाच घेतात, तेच तर तिचे सूत्र आहे. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा उत्तर इतके सोपे नाही हे लक्षात आले. १८८७ च्या बॉस्टनमध्ये ज्युलियन वेस्टची उठबस सांभाळणारा सॉयर हा कृष्णवर्णीय नोकर आहे. कथानक त्याला आगीत संपवून टाकते. २००० सालच्या बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीयांचा उल्लेख सापडत नाही. त्यांना सूट दिलेली नाही आणि त्यांची भरतीही केलेली नाही. ‘सर्व’ ह्या शब्दाच्या आत ते आहेत की बाहेर, हे ठरविण्याची गरजच त्या संहितेला भासत नाही.

ऑरवेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये (१९४९) हा प्रश्न वेगळ्या टोकाला जातो. सतत युद्धात असलेले ओशियानिया हे राष्ट्र म्हणजे सार्वत्रिक लष्करभरतीचे राज्य, असा आपला सर्वसाधारण ग्रह असतो. प्रत्यक्षात गोल्डस्टाइनच्या नावावरील पुस्तकात स्पष्टच म्हटले आहे की, युद्ध आता थोड्या प्रशिक्षित तज्ज्ञांचे काम राहिले आहे. युद्ध थोड्यांचे आणि युद्धकालीन जीवन सर्वांचे, अशी ही विभागणी आहे. लंडनवर आठवड्याला वीसतीस रॉकेट बॉम्ब पडतात. मुले ‘स्पाइज’ ह्या संघटनेच्या गणवेशात वाढतात आणि पार्सन्सची मुलगी बापाला पकडून देते. ज्यूलियाच्या आग्रहावरून विन्स्टन आठवड्यातील एक संध्याकाळ दारूगोळ्याच्या कामाला देतो : चार तास धातूचे बारीक तुकडे एकमेकांत पिळत बसावयाचे, ते बहुधा बॉम्बच्या फ्यूजचे भाग असावेत. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा. आपण काय बनवीत आहोत हे माहीत नसणे हीच ह्या सेवेची परिपूर्ती आहे. बाहेरून पाहता हे काम ऐच्छिक आहे. सक्तीची सक्ती म्हणून ओळखही उरू नये इतकी ती येथे मुरलेली आहे. आणि ज्यूलिया सहज बोलून जाते की, हे बॉम्ब आपलेच सरकार टाकीत असावे, लोकांना धाकात ठेवण्यासाठी. विन्स्टनला हे कधीच सुचलेले नसते. ब्रॉब्डिंगनॅगला शत्रू नव्हता; ओशियानियाला आहे की नाही हे त्याच्या नागरिकाला कळण्याची सोय नाही.

ह्या राष्ट्रात सूट आहे ती प्रोलांना, म्हणजे लोकसंख्येच्या पंच्याऐंशी टक्क्यांना. गरज पडेल तेव्हा त्यांची देशभक्ती चेतवावी, एरवी त्यांना त्यांच्यावर सोडून द्यावे. पण बॉम्ब येत असल्याची सूचना विन्स्टनला मिळते ती रस्त्यावरच्या एका प्रोलच्या ओरडण्यातून. तो जमिनीवर पालथा पडतो आणि वाचतो. असल्या बाबतीत प्रोलांचा अंदाज सहसा चुकत नाही, असे निवेदक नोंदवितो. संपूर्ण कादंबरीतील नागरी संरक्षणाची खरी कृती ही एवढीच, आणि ती कोणत्याही दलाच्या नोंदवहीत नसलेल्या माणसाची.

ऑरवेलला हा विषय ऐकीव नव्हता. प्रकृतीमुळे सैन्यात न घेतलेला हा लेखक १९४० ते १९४३ ह्या काळात लंडनच्या होम गार्डमध्ये सार्जंट होता. त्यातील दोन वर्षे तो बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करीत होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे १९४२ पासून मराठीत भाषांतरित होऊन प्रक्षेपित होत, आणि वेणू चितळे ह्या त्या विभागात त्याच्या सहकारी होत्या. सत्य-मंत्रालयाचा पुढील निर्माता कधीकाळी मराठी श्रोत्यांसाठी युद्धाच्या बातम्या रचीत होता, ही गोष्ट आपल्या अभ्यासात अजून पुरेशी रुजलेली नाही.

ह्या लेखकांच्या चरित्रांत एक साम्य वारंवार आढळते. बेलामी तरुणपणी वेस्ट पॉइंटच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला. ऑरवेलला फौजेने घेतले नाही. रॉबर्ट हाइनलाइन अमेरिकी आरमारात अधिकारी होता, पण १९३४ साली क्षयामुळे त्याला प्रत्यक्ष युद्ध पाहण्याआधीच निवृत्त व्हावे लागले. त्याच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) ह्या कादंबरीविषयी, तेथे लष्करी सेवा सक्तीची आहे, असे सर्रास लिहिले जाते. ते चूक आहे. तेथे सेवा ऐच्छिक आहे. मताधिकार मात्र सेवा पूर्ण करणाऱ्यालाच मिळतो. हॅरिंग्टनची पाचव्या हिश्श्याची तरतूद तीनशे वर्षांनी वेगळ्या रूपात परत आली, एवढेच. त्याहून लक्षणीय आहे ती दुसरी बाजू : इच्छुकाला नाकारण्याचा अधिकार तेथील राज्याला नाही. आंधळा आणि चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस आला तरी त्याला काहीतरी काम शोधून द्यावेच लागेल, सुरवंटाचे केस स्पर्शाने मोजण्याचे का असेना, असे तपासणीचा डॉक्टर सांगतो. नाकारल्या गेलेल्या माणसाने रचलेले हे राष्ट्र आहे हे विसरून ते वाक्य वाचता येत नाही. उलट सक्तीने भरती होऊन व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या जो हॉल्डमनने ‘द फॉरेव्हर वॉर’मध्ये (१९७४) भरतीचा असा कायदा कल्पिला की, अत्युच्च बुद्ध्यंक असलेल्यांनाच ती लागू व्हावी. व्हिएतनामच्या काळात महाविद्यालयीन शिक्षणाच्या आधारे भरती पुढे ढकलता येत असे. हॉल्डमनने ती सूटच उलटी केली.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. सेनेने नाकारलेला प्रत्येकजण कादंबरी लिहीत नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यानपिढ्या सेवा केलेल्या महार समाजाची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. त्या निर्णयाविरुद्ध सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे ह्यांच्या पुढाकाराने १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. पहिल्या महायुद्धाची निकड निर्माण झाल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडली, आणि बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ साली. ह्या अर्जांकडे आपण इतिहासाची साधने म्हणून पाहतो. वाङ्मयप्रकार म्हणून पाहत नाही. परंतु अर्ज हाही एक कल्पिलेल्या राष्ट्राला उद्देशून केलेला उच्चार असतो. ज्या राज्याला उद्देशून तो लिहिला जातो ते राज्य, सेवेच्या बदल्यात समान वागणूक देणारे, प्रत्यक्षात अस्तित्वात नसते; अर्जदार ते गृहीत धरून बोलतो. आणि मॅग्नेशियापासून ओशियानियापर्यंत सुटलेल्यांचे जे म्हणणे संहितेत कोठेच ऐकू येत नाही, ते येथे उत्तमपुरुषी निवेदनात येते. झॅपोलेटाने युटोपियाला लिहिलेले पत्र मोरच्या ग्रंथात नाही.

फ्रेड्रिक जेम्सनने २०१६ साली सार्वत्रिक सक्तीची सेना हीच नव्या समाजरचनेची चौकट व्हावी, असा प्रस्ताव मांडला आणि बेलामीचा धागा पुन्हा उचलला, तेव्हा डाव्या वर्तुळातही बरीच खळबळ झाली. वर्गावर्गांना एकत्र उभे करणारी दुसरी संस्था उरलेली नाही, हे त्याचे निदान सहजी झटकून टाकण्याजोगे नाही. परंतु ‘सर्व’ ह्या शब्दावर त्याचा जेवढा विश्वास आहे तेवढा आपल्याला ठेवता येत नाही, आणि ह्याचे कारण आपल्या घटनेत लिहिलेले आहे. स्वतंत्र भारताने सार्वत्रिक लष्करी सक्ती कधीच लादलेली नाही. पण घटनेच्या अनुच्छेद २३ च्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली आहे, आणि त्याच वाक्यात केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग ह्या कारणांवरून त्या सेवेत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. सक्ती आणि तिच्यातील वगळणूक ह्यांचा विचार एकाच वाक्यात करणारी ही संहिता १९१० च्या अर्जाशेजारी ठेवून वाचावयास हवी. तशी वाचली की त्या यादीत काय नाही हेही दिसते. धर्म, वंश, जात, वर्ग असे चार शब्द तेथे आहेत. लिंग हा शब्द नाही. पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांत तो आहे. मॅग्नेशियाच्या स्त्रिया महिन्यातून एक दिवस ज्या मैदानावर उतरत होत्या, त्या मैदानाविषयी आपली घटना ह्या एका खंडात मौन पाळते.